मोहरी रुंदावली म्हणजे सुटका झाली?

गेली काही वर्षं बायकांच्या जीन्सबद्दल एक कथा सांगितली जाते. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत ती येते, रील्समध्ये येते, दुकानात जीन्स दाखवणाऱ्या मुलीच्या तोंडूनही येते. कथा अशी: स्किनी जीन्स हा बाईच्या देहावर बसवलेला साचा होता, बघणाऱ्याच्या नजरेसाठी शिवलेला. मग नवी पिढी आली, तिने स्किनी भिरकावली, आणि रुंद पायांची जीन्स घालून बाई मोकळी झाली. वाइड लेग, बॅगी, मॉम जीन्स आणि अलीकडची ती गुडघ्यापाशी फुगून घोट्याशी आत वळणारी बॅरल लेग, या सगळ्या म्हणे त्याच मुक्तीच्या पायऱ्या.

मला ही कथा साफ खोटी वाटते. ढगळ जीन्स मला आवडते, मी ती घालते, आणि कुणी घालू नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण पायाचा घेर वाढवून बाईला स्वातंत्र्य दिल्याचा आव कुणी आणत असेल तर त्या स्वातंत्र्याची शिवण उलटी करून बघायला हवी.

एक खुलासा आधीच करते, कारण जीन्सबद्दल बाईने तक्रार केली की तिला लगेच संस्कृतिरक्षकांच्या रांगेत उभं केलं जातं. मार्च २०२१ मध्ये उत्तराखंडचे तेव्हाचे मुख्यमंत्री तीरथ सिंह रावत विमानात दिसलेल्या एका आईच्या गुडघ्यावर फाटलेल्या जीन्सवरून संस्कारांबद्दल बोलले. बायकांनी आपापल्या फाटक्या जीन्सचे फोटो टाकून त्यांना उत्तर दिलं, आणि ते चोख होतं. पण असल्या वादांचा एक तोटा झालाच. जीन्स घालावी की घालू नये, याच प्रश्नाभोवती आपण इतकी वर्षं घुटमळलो की घातलेली जीन्स धड शिवलेली आहे का, हे विचारायला उसंतच मिळाली नाही. कापड कंपन्यांच्या ते पथ्यावरच पडलं.

तर आधी स्किनीची बाजू, कारण तिच्यावर खटला न चालवताच निकाल लागला आहे. २०२१ च्या सुरुवातीला टिकटॉकवरच्या तरुण मुलींनी स्किनी जीन्स आणि बाजूला पाडलेला भांग, दोन्ही कालबाह्य ठरवले. आपल्याकडे टिकटॉकवर जून २०२० मध्येच बंदी आली होती. तरी निकाल इथेही लागू झाला आणि अपिलाची सोय मात्र राहिली नाही. स्किनी बाईला आवळण्यासाठी जन्मली असं म्हणणाऱ्यांनी तिचं कूळही पाहावं. २००० नंतर हेडी स्लिमान या डिझायनरने डिओरच्या पुरुषांच्या कपड्यांसाठी अतिशय बारीक कापाच्या पँट केल्या. रॉक बँडमधल्या काटकुळ्या पोरांच्या अंगावरून तो कट बायकांकडे आला. कृश देहाचा सोस त्यात होता, हे खरंच. पण तो सोस आधी पुरुषांच्या पँटीत शिरला होता.

आणि स्किनी बायकांच्या अंगावर टिकली ती एका धाग्यामुळे. १९५८ मध्ये ड्यूपाँट कंपनीतल्या जोसेफ शिव्हर्सने स्पॅन्डेक्स हा ताणला जाणारा धागा बनवला. सुती डेनिममध्ये शंभरात एक-दोन भाग तो मिसळला की कापड अंगाबरोबर ताणतं आणि परत येतं. महिन्याच्या चार दिवसांत पोट फुगतं, बाळंतपणानंतर कंबर पूर्वीची राहत नाही, चाळिशीत अंग भरतं. ताणणारं कापड हे सगळं निमूटपणे सामावून घेतं. ज्या जीन्सला आज तुरुंग म्हणतात, तिने एकाच साइझमध्ये दोन-तीन वेगवेगळ्या देहांना जागा दिली.

आपल्याकडे स्किनीने काय केलं ते कळायला पॅरिसला जावं लागत नाही. तिने चुडीदाराची जागा घेतली. वरचा कुर्ता तसाच राहिला, ओढणी हळूच गळाली, आणि ज्या घरांत जीन्स म्हटलं की सासूबाई नाक मुरडायच्या तिथे ‘लांब कुर्त्याखाली आहे ना, मग चालेल’ असा तह झाला. बँकेतल्या, शाळेतल्या, तालुक्याच्या सरकारी कचेरीतल्या कितीतरी बायकांच्या आयुष्यात जीन्स शिरली ती या तहातून. जेगिंगची, म्हणजे जीन्ससारख्या दिसणाऱ्या लेगिंगची, टिंगल करणं सोपं आहे. पण सकाळी डबे भरून, पोराला शाळेत सोडून, स्कूटीला किक मारून कामावर जाणाऱ्या बाईला पायाशी लोंबणारा कपडा नको होता. पुण्याच्या रस्त्यावर दुचाकी चालवणाऱ्या कुणालाही विचारा, घोट्याशी घट्ट बसणारी मोहरी म्हणजे काय सोय असते. या बायकांना आता कुणी सांगतं की तुम्ही वीस वर्षं गुलामीत होता. त्यांना त्या वीस वर्षांत कुणी विचारलं होतं?

स्किनीविरुद्ध एक वैद्यकीय पुरावाही हमखास पुढे केला जातो. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये एका पस्तीस वर्षांच्या बाईचे पाय स्किनी जीन्समुळे बधिर झाले, ती पडली, आणि सुजलेल्या पोटऱ्यांवरून जीन्स कापून काढावी लागली. वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं होतं, त्यात खोटं काही नाही. पण सांगणारे अर्धंच सांगतात. ती बाई नातेवाइकांना घर बदलायला मदत करत होती आणि कपाटं रिकामी करताना तासन् तास उकिडवी बसली होती. घट्ट कपडा आणि तसं बसणं, दोन्ही मिळून ते झालं. एका रुग्णाच्या नोंदीवरून अख्ख्या पिढीच्या कपड्याला आजार ठरवायचं असेल तर मोकळ्या कपड्यांच्या नोंदीही काढू. दुचाकीच्या चाकात अडकलेल्या ओढण्या आणि साड्यांचे पदर आपल्याला काही परके नाहीत, आणि फरशी झाडत जाणारी मोहरी त्याच जातीची.

आता या नव्या मुक्तीकडे वळू. रुंद जीन्स नेमकं काय सैल करते? मांडी, गुडघा, पोटरी. आणि बाईला पँट काचते कुठे? कंबरेला, नितंबांवर आणि आसनात. आसन म्हणजे कंबरपट्टीपासून दोन पायांच्या जोडापर्यंतची खोली; शिंपी पँट बेतताना सर्वांत जास्त विचार तिचाच करतो, पुढचं वेगळं आणि मागचं वेगळं. आसन उथळ असेल तर बसल्यावर पाठीमागून कंबरपट्टी खाली ओढली जाते, आणि खोल असेल तर चालताना कापडाचा बोंगा होतो. पायाची मोहरी आठ इंच ठेवा नाहीतर अठरा, आसनाच्या चुकीवर त्याने काहीही फरक पडत नाही.

उलट अडचण वाढली आहे. आज मिरवल्या जाणाऱ्या कित्येक वाइड लेग आणि बॅरल जीन्स जाड, न ताणणाऱ्या सुती डेनिमच्या असतात, कारण कापड कडक असेल तरच तो आकार उभा राहतो. म्हणजे कंबरेवरचा धागा काढून घेतला आणि गुडघ्याखाली हवा दिली. उंच कंबरेची अशी जीन्स घालून आठ तास कचेरीत खुर्चीवर बसा, दुपारच्या जेवणानंतर टेबलाखाली हळूच बटण काढलेल्या मैत्रिणी मोजा, आणि मग मोकळेपणाबद्दल बोलू.

उंच कंबर नको असेल तर दुसरा पर्याय तयार आहे, तो तर आणखी मजेशीर. अलेक्झांडर मॅक्क्वीन या डिझायनरने १९९० च्या दशकात नितंबांच्या फटीपर्यंत खाली उतरलेली पँट फॅशन शोच्या मंचावर आणली. २००० नंतर तिची सौम्य आवृत्ती, लो राइज, जगभर पसरली. खाली वाकलं की मागे हात न्यायचा, बसताना टीशर्ट ओढायचा, हे त्या काळात कॉलेजात असलेल्या प्रत्येकीच्या हाताला अजून आठवत असेल. ती लो राइज आता परत आली आहे, आणि आली आहे ती बॅगी पायांच्या सोबतीने. वर तीच जुनी अडचण, खाली भरपूर घेर, आणि लेबल मात्र मुक्तीचं. शिवाय २०२५ पासून स्किनी परतल्याच्याही बातम्या आहेतच. मग काय, बायका पुन्हा गुलामीत चालल्या म्हणायच्या?

रुंद पाय ही काही या शतकाची क्रांतीही नाही. १९३४ मध्ये लिव्हाइजने बायकांसाठी म्हणून पहिली जीन्स काढली, ती उंच कंबरेची होती आणि स्किनीच्या जवळपासही नव्हती. सत्तरच्या दशकातल्या बेलबॉटमने मुंबईचे रस्ते झाडले. दर वीस-पंचवीस वर्षांनी मोहरी रुंद होते, मग अरुंद होते. प्रत्येक वेळी तिला नवी विचारसरणी चिकटवली जाते, एवढाच काय तो बदल.

मोहरीच का बदलते, याचं उत्तर माझ्या मते सरळ आहे. कॅमेऱ्याला तीच दिसते. आसनाची खोली फोटोत दिसत नाही. कंबरपट्टी सरळ कापली आहे की अंगाच्या वळणाने कापली आहे, ते रीलमध्ये कळत नाही. खिसा किती खोल आहे ते हात घातल्याशिवाय समजत नाही. पण पायाचा आकार वीस फुटांवरून ओळखू येतो, आणि म्हणून जुनी जीन्स जुनी झाली हेही वीस फुटांवरून ओळखू येतं. कपाटातल्या चार धडधाकट जीन्स एका वर्षात टाकाऊ ठरवायच्या असतील तर बदलायला याहून स्वस्त जागा नाही.

कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या चुका मात्र तशाच राहतात. साइझचा आकडा घ्या. अमेरिकेत १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० बायकांची मापं सरकारी खर्चाने घेतली गेली. गोऱ्या नसलेल्या बायकांची मापं अंतिम हिशेबात धरलीच नाहीत. त्यावर आधारलेलं प्रमाण १९५८ मध्ये जाहीर झालं आणि १९८३ मध्ये मागे घेतलं गेलं. त्यानंतर प्रत्येक कंपनीचा ‘तीस’ आपापला. गिऱ्हाइकाला आपण बारीक झालो असं वाटावं म्हणून आकडा तोच ठेवून कापड वाढवणं हा तर व्यवसायातला उघड रिवाज. भारतीय देहांचा स्वतःचा मापतक्ता व्हावा म्हणून निफ्ट या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने त्रिमिती स्कॅनरने १५ ते ६५ वयाच्या २५,००० जणांना मोजण्याचं काम हाती घेतलं, सहा शहरांत, त्यात मुंबईही. स्तुत्यच आहे. पण हे सुचायला एकविसाव्या शतकाची जवळजवळ दोन दशकं जावी लागली, आणि त्या काळात आपल्या बायका परक्या तक्त्यांवर कापलेल्या पँटीत स्वतःला कोंबत राहिल्या, वर स्वतःच्याच देहाला बोल लावत राहिल्या. ‘माझीच कंबर विचित्र आहे’ हे वाक्य मी ट्रायल रूमच्या पडद्यापलीकडून इतक्यांदा ऐकलं आहे की विचित्र नसलेली कंबर कुणाची, ते एकदा जाहीर करावं असं वाटतं.

कारखान्यात एका मधल्या मापाचा नमुना बेततात आणि बाकीची मापं त्यात ठरावीक इंच वाढवून किंवा घटवून काढतात. देह असा समप्रमाणात वाढत नाही. नितंबांना बसलेली जीन्स मग कंबरेला मागून सुटते. बसलं की तिथे वाटी मावेल एवढी फट. ताणणाऱ्या कापडात ही चूक थोडीफार झाकली जायची. कडक कापडात ती उघडी पडते. तिच्यावरचा इलाज अजूनही गल्लीच्या तोंडाशी मशीन मांडून बसलेल्या शिंप्याकडेच आहे: कंबरपट्टी उसवायची, मागे दोन चिमटे घ्यायचे, पट्टी पुन्हा बसवायची. त्याचे शे-दोनशे रुपये आपण खुशीने देतो. मूळ जीन्स विकणाऱ्याने ते काम करायला हवं होतं, हे लक्षातही येत नाही.

उंचीचं तर विचारूच नका. आपल्या बायकांची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास. बाजारातली वाइड लेग बेतलेली असते ती साडेपाच फुटी आणि वर टाचांच्या बुटांवर उभ्या मॉडेलसाठी. पुरुषांना जीन्स घेताना बऱ्याच ठिकाणी दोन आकडे मिळतात, कंबर आणि लांबी. बायकांना बहुधा एकच, लांबी आपली आपण बघून घ्यायची. स्किनी लांब झाली तर घोट्याशी चुण्या पडायच्या, लोक त्यालाही स्टाइल म्हणायचे. बॅरल लेगला ती सवलत नाही. तिचा फुगवटा गुडघ्यापाशी यायला हवा, तो आखूड पायावर पोटरीपाशी येतो. खालून चार इंच कापले की आत वळणारी मोहरी कापली जाते आणि उरतो तो नुसता लेंगा. न कापावी तर जुलै महिन्यात दादर स्टेशनबाहेरच्या पाण्यातून चालून बघा. भिजलेलं डेनिम गुडघ्यापर्यंत पाणी ओढून घेतं, जड होतं, आणि संध्याकाळपर्यंत वाळत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात हा मोकळेपणा पायांत घेऊन चर्चगेटपर्यंत उभ्याने जाणाऱ्या मुलींबद्दल मला आदर आहे, पण तो त्यांच्या सोशिकपणाबद्दल आहे.

आणि खिसा. इथे मात्र मी सभ्यपणे बोलू शकत नाही. २०१८ मध्ये ‘द पुडिंग’ या अमेरिकी प्रकाशनासाठी जॅन डीम आणि अँबर थॉमस यांनी २० ब्रँडच्या ८० जीन्सचे खिसे मोजले. बायकांचे पुढचे खिसे पुरुषांच्या खिशांपेक्षा सरासरी ४८ टक्के आखूड आणि ६.५ टक्के अरुंद निघाले. स्किनीच्या काळात यावर उत्तर ठरलेलं होतं: खिसा खोल केला तर मांडीवर उठून दिसतो, फिटिंग बिघडतं. ठीक आहे, ऐकून घेतलं. आता मांडीवर दोन मांड्या मावतील एवढं कापड आहे. आता काय उठून दिसणार आहे? कुठल्याही दुकानात जाऊन रुंद जीन्सच्या खिशात हात घाला. बोटांच्या पेरांपाशी तो संपला की समजा की फिटिंगची सबब ही नुसती सबब होती. काही कंपन्यांनी खिसे खोल केले आहेत, खोटं कशाला बोला. पण ते कौतुकाची पाटी लावून विकतात, जणू खिसा हा दागिना आहे.

नऊवारी नेसणाऱ्या आपल्या आज्या-पणज्या पैसे कनवटीला लावायच्या, कमरेला चंची खोचायच्या. बाजारात, शेतात, जत्रेत दोन्ही हात मोकळे. त्यांच्या पणत्या लोकलच्या लेडीज डब्यात एका हाताने दांडा धरतात, दुसऱ्या हातात फोन, खांद्यावर पर्स, आणि तिकीट तपासनीस आली की पास शोधताना तिन्हींची कसरत. खिशाच्या अस्तराला लागणारं कापड हे पँटमधलं सर्वांत स्वस्त कापड असतं, हेही इथे सांगून ठेवते.

राहता राहिला पर्यावरणाचा युक्तिवाद. स्पॅन्डेक्स नसलेली, शुद्ध सुती रुंद जीन्स म्हणे पृथ्वीला बरी. यात अर्धं खरं आहे: मिश्र धाग्याच्या कापडाचा पुनर्वापर अवघड असतो. पण रुंद पँटला कापड जास्त लागतं हे सांगायला कुणी विसरतं. लिव्हाइजने २०१५ मध्ये जाहीर केलेल्या हिशेबानुसार त्यांच्या ५०१ या एका जीन्सला कापसाच्या पेरणीपासून ती टाकून देईपर्यंत ३,७८१ लिटर पाणी लागतं आणि त्यातलं ६८ टक्के एकट्या कापसाला. (हा आकडा विदर्भातल्या कोरडवाहू कापसाला जसाच्या तसा लावू नये, तिथला शेतकरी पाण्यासाठी आभाळाकडेच बघतो.) जीन्सला फिकट, जुनकट रूप देण्याची किंमत आणखी वेगळी. वाळूचा मारा करून डेनिम झिजवताना कामगारांच्या फुप्फुसांत सिलिका जाते, त्याने सिलिकोसिस होतो, आणि इतके कामगार आजारी पडले की तुर्कस्तानने २००९ मध्ये या पद्धतीवर बंदी घातली. आपल्या जवळचं उदाहरण उल्हासनगरचं. देशभरच्या बाजारांना स्वस्त जीन्स पुरवणाऱ्या या गावात जीन्स धुण्याच्या कारखान्यांचं रसायनमिश्रित पाणी वर्षानुवर्षं वालधुनी नदीत गेलं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि कारखाने बंद करावे लागले. त्या नदीला मोहरीच्या मापाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला भोवली ती दरसाल नव्या जीन्सची मागणी, आणि ती मागणी वाढवायला ‘जुनी फेका, मोकळ्या व्हा’ यापेक्षा प्रभावी घोषणा सापडणार नाही.

मग करायचं काय, असं विचाराल तर माझी मागणी मुक्तीची नाहीच, लेबलची आहे. बायकांच्या प्रत्येक जीन्सवर पाच मापं छापा: कंबर, नितंब, पुढचं-मागचं आसन, आतली लांबी, आणि खिशाची खोली. इंचांत, खरी, कापडावर मोजलेली. एकाच पँटला तीन लांब्या ठेवा. हे सगळं कारखान्याच्या कागदावर आधीच लिहिलेलं असतं, त्याशिवाय कापड बेतताच येत नाही; ते गिऱ्हाइकाला सांगायचं एवढंच.

आणि ट्रायल रूममध्ये एक स्टूल ठेवा. मोठ्या दुकानांत आता तीन बाजूंनी आरसे असतात, वर उजळ दिवे, फोटो काढायला जागा. बसायला काही नसतं. बाई तिथे उभ्याने स्वतःला पुढून, मागून, कुशीवरून बघते आणि जीन्स घेते, मग ती जीन्स घालून दिवसभर बसते, रिक्षात, बँकेत, वर्गात, जेवायला. दोन मिनिटं बसून, वाकून, खिशात फोन टाकून बघू दिलं तर निम्म्या पँट दुकानातच परत टांगल्या जातील. स्टूल न ठेवण्यामागे जागेची अडचण आहे, असं मला एका दुकानाच्या व्यवस्थापकाने सांगितलं. तेव्हा तो तीन आरशांच्या मधोमध उभा होता.